ओट्याखाली बसवलेला विजेचा ओव्हन: चार वर्षांच्या वापरानंतर

पुण्यातील आमच्या घराच्या स्वयंपाकघराचे २०२१ साली नूतनीकरण झाले, तेव्हा ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या रांगेत एक खण मोकळा ठेवून त्यात सत्तर लिटरचा, कायमचा बसवायचा विजेचा ओव्हन आम्ही घेतला. त्याआधी बरीच वर्षे मी लहान ओटीजी, म्हणजे टेबलावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन, वापरत होते, त्यामुळे भाजण्याचे काम मला नवे नव्हते. मात्र टेबलावर ठेवून पिन लावायची वस्तू आणि फर्निचरमध्ये बसवायची वस्तू यांत केवढा फरक असतो, याची कल्पना त्या वेळी नव्हती. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मी जे गुणदोष सांगणार आहे त्यांतील बहुतेक या वर्गातील कोणत्याही ओव्हनला लागू पडतात, आणि माझ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक ओव्हनविषयी नसून त्याच्या खणाविषयी आहेत.

त्या खणापासूनच सुरुवात करते. या ओव्हनचा दर्शनी भाग साधारण ५९५ मिलीमीटर रुंद आणि तेवढाच उंच असतो, परंतु मागचे धूड खणात सरकवण्यासाठी आतील मोकळी रुंदी किमान ५६० मिलीमीटर असावी, असे आमच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते. आमच्या सुताराचे सगळे हिशेब इंच आणि सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चालतात. त्याने ५६० मिलीमीटर म्हणजे बावीस इंच असे धरले, ते जवळजवळ बरोबरही होते, आणि दोन्ही बाजूंच्या प्लायमध्ये नेमके बावीस इंच अंतर ठेवले. त्यानंतर त्याने दोन्ही आतल्या अंगांना एक एक मिलीमीटरचा सनमायका चिकटवला. ओव्हन आला, कंपनीच्या दोन माणसांनी तो उचलला आणि तो खणाच्या तोंडाशीच अडला. "वहिनी, बावीस म्हणजे बावीसच आहे, टेप लावून बघा," असे सुतार सांगत होता. टेप लावली तेव्हा बरोबर एक सूत कमी भरले. तेवढ्या एका सुतासाठी एका बाजूचा सनमायका खरवडून प्लाय रंध्यावर घ्यावा लागला, आणि पस्तीस किलोचा तो ओव्हन तीन दिवस दिवाणखान्यात सोफ्याला टेकून बसला. ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीचा, कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर उभा असलेला ओटा आहे, त्यांनी तर ओव्हन पसंत करण्याआधी त्या दोन फरश्यांमधील अंतर स्वतः मोजावे, कारण कडप्पा रंध्यावर घेता येत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि ती दोन महिन्यांनी उघडकीस आली. चालू ओव्हनच्या बटणांच्या पट्टीमागे एक छोटा पंखा फिरत असतो. तो भाजण्याच्या पंख्याहून वेगळा असून त्याचे काम बटणे, विजेची जोडणी आणि दरवाजा थंड ठेवणे हे असते. ओव्हन बंद केल्यावरही तो काही मिनिटे चालू राहतो, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. या पंख्याला मागून आणि खालून थंड हवा मिळायला हवी. आमच्या खणाला मात्र झुरळे येऊ नयेत या सद्हेतूने मागून प्लाय ठोकून कडा सिलिकॉनने बंद केलेल्या होत्या. परिणाम असा झाला की पाऊण तासाहून अधिक वेळ ओव्हन चालला की तो मधेच बंद पडे, बटणांना हात लावता येत नसे, आणि शेजारच्या ट्रॉलीच्या दारावरील पीव्हीसीचा पापुद्रा कडेने सुटू लागला. तंत्रज्ञ आला, त्याने ओव्हन उघडलादेखील नाही, फक्त खणाच्या मागे हात घातला आणि म्हणाला, "ताई, याला श्वासच घेता येत नाहीये." मागचा प्लाय कापून काढला आणि पायपट्टीला जाळी बसवली, त्या दिवसापासून तो त्रास गेला. पापुद्रा सुटलेले दार मात्र बदलावे लागले. म्हणून ओव्हनला लागून असलेल्या दारांना चिकटवलेला पापुद्रा नको, सनमायका हवा, असे सुताराला आधीच सांगून ठेवावे. दरवाजाच्या मुठीवर हात पुसण्याचा नॅपकिन लटकवण्याची सवय अनेक घरांत असते, आमच्याकडेही होती. पंख्याची गरम हवा ज्या फटीतून पुढे येते, तीच फट त्याने झाकली जाते.

विजेच्या बाबतीत आम्ही थोडे सावध होतो. आमच्या ओव्हनची कमाल शक्ती ३,१०० वॅट आहे, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ साडेतेरा अँपिअर. मिक्सरच्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर तो चालणे शक्य नाही, हे उघडच आहे. परंतु सोळा अँपिअरचा पॉइंट आहे म्हणून निर्धास्त होणेही योग्य नाही, कारण त्याच वायरीवर न्हाणीघरातला गीझर असेल तर दोन्ही मिळून बावीस अँपिअरच्या पुढे जातात. आमच्या वायरमनने ओव्हनसाठी मुख्य बोर्डापासून चार चौरस मिलीमीटरची स्वतंत्र वायर ओढली, तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा खटका) दिला, अर्थिंग तपासले आणि पॉइंट ओव्हनच्या मागे न ठेवता शेजारच्या ट्रॉलीच्या खणात काढला. मागे पॉइंट असला तर पिन काढण्यासाठी प्रत्येक वेळी ओव्हन बाहेर ओढावा लागतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. गॅसची नळी ओव्हनच्या पाठीमागून जात असेल तर ती आधी हलवून घ्यावी; आमच्याकडे सिलिंडरचा खण अगदी शेजारी होता, तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागला.

पहिल्या दिवशी ओव्हन रिकामाच, सगळ्या जाळ्या बाहेर काढून, खिडक्या उघड्या ठेवून २५० अंशांवर तासभर चालवायचा असतो. कारखान्यात लावलेले तेल आणि इन्सुलेशनमधील चिकटवण त्या वेळी जळते. धूर निघतो, वासही येतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ही एवढी महाग वस्तू पहिल्याच दिवशी जळाली असे वाटते.

घड्याळाविषयी एक परिच्छेद लिहिलाच पाहिजे. अशा अनेक ओव्हनप्रमाणे आमच्याही ओव्हनमध्ये घड्याळ लावल्याखेरीज कॉइल तापत नाही. वीज जाऊन आली की पडद्यावर शून्ये लुकलुकू लागतात, दिवा लागतो, पंखा फिरतो, बटणे वळतात, आणि आतमध्ये मात्र थंडगार! पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे ही नित्याची बाब असल्याने शुक्रवारी सकाळी हा अनुभव हमखास येतो. पहिल्या खेपेस मी तंत्रज्ञाला बोलावले. त्याने दोन बटणे एकदम दाबून वेळ लावली, भेटीचे शुल्क घेतले आणि तो गेला. कोणती दोन बटणे, हे मी आता ट्रॉलीच्या दाराच्या आतल्या बाजूस कागद चिकटवून लिहून ठेवले आहे. ज्या देशांत वीज वर्षानुवर्षे जात नाही, तेथील अभियंत्यांनी ही रचना केली असणार, असे माझे मत आहे, आणि आपल्याकडे विकताना तरी ती बदलायला हवी होती.

आता तापमान. ओव्हनने शिट्टी दिली म्हणजे तो तापला, असे मी पहिले सहा महिने समजत होते. नानकटाई दर खेपेस थोडी बसते आणि कडा फाकतात, हे पाहून मी जाळीवर ठेवायचा एक साधा तापमापक आणला. १८० अंशांवर लावलेल्या ओव्हनची शिट्टी झाली तेव्हा मधल्या जाळीवरचा काटा १६५ वर होता. आणखी दहा मिनिटांनी तो १८० ला पोहोचला, आणि त्यानंतर १७० आणि १९५ यांच्या दरम्यान वरखाली होत राहिला. थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करूनच तापमान राखतो, त्यामुळे ही चढउतार सदोष मानता येणार नाही. शिट्टी मात्र नक्कीच उतावळी आहे. तेव्हापासून शिट्टीनंतर दहा मिनिटे थांबायचे, असा नियम मी केला आहे.

या ओव्हनमध्ये तीन ठिकाणी कॉइल आहेत: छताला एक, तळाच्या पत्र्याखाली लपलेली एक, आणि मागच्या पंख्याभोवती गोल अशी तिसरी. कोणता पदार्थ कोणत्या कॉइलवर, हे कळले की निम्मी पुस्तिका वाचण्याची गरज उरत नाही. पंख्याच्या उष्णतेत दोन-तीन ट्रे एकाच वेळी भाजता येतात, आणि पाककृतीत जे तापमान दिलेले असते त्याहून साधारण वीस अंश कमी ठेवावे लागते. माझ्या लहानपणी नाशिकला दिवाळीच्या आठवड्यात आई घरचे तूप, पिठीसाखर, मैदा, रवा आणि बेसन डब्यांतून घेऊन बेकरीत जात असे; तेथे पत्र्याच्या काळ्या ट्रेमध्ये प्रत्येकीची नानकटाई ओळीने मांडली जाई, आणि आपला ट्रे दुसऱ्या कुणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून आम्हां मुलांना भट्टीपाशी पहाऱ्याला बसवत. त्या भट्टीतील नानकटाईच्या पाठीला जो करपटसर तांबूस रंग येई, तो या ओव्हनमध्ये पंख्यावर येत नाही, वर-खाली कॉइलवर मात्र बऱ्यापैकी येतो. मी आता एका वेळी एकच ट्रे, मधल्या जाळीवर, १७० अंशांना वीस मिनिटे ठेवते, आणि पंधराव्या मिनिटाला ट्रे फिरवते, कारण आमच्या ओव्हनचा डावा मागचा कोपरा इतरांपेक्षा आधी लाल होतो. दोन किलो पिठाची नानकटाई करायची असेल तर मात्र पंखा आणि तीन ट्रे यांना पर्याय नाही. तेवढा रंग मी सोडून देते.

वर आणि खाली विस्तव ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. पिकलेल्या मोठ्या काकडीचे धोंडस, म्हणजे गूळ घातलेला केकसारखा गोड पदार्थ, चुलीवर करताना खाली मंद जाळ आणि झाकणावर निखारे ठेवत, हे त्या नेहमी सांगतात, आणि गॅसवर झाकण ठेवून केलेल्या धोंडसाला त्या धोंडस म्हणायला तयार नसतात. या ओव्हनमध्ये मी जाड बुडाच्या भांड्यात, वर-खाली दोन्ही कॉइलवर, १७० अंशांना पन्नास मिनिटे धोंडस केले. वरून हवा तसा तपकिरी पापुद्रा आला, कडेने गूळ सुटून किंचित करपला, सुरी कोरडी निघाली. सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि त्या म्हणाल्या, "रंग आलाय गं, पण धुराचा वास कुठून आणशील?" तो आणता येत नाही, हे मान्य करावे लागते. त्याच कारणाने भरितासाठी वांगी मी आजही गॅसवर भाजते. ग्रिलखाली चाळीस मिनिटांत वांगे मऊ होते, सालही सुटते, परंतु ते भरीत उकडलेल्या वांग्याचे वाटते. उलट गोव्याच्या बेबिंकासारखा पदार्थ, ज्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो तर मुळातच वरच्या उष्णतेचा आहे: नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, तूप आणि मैदा यांचा एक पातळ थर ओतायचा, तो वरून भाजला की त्यावर तूप सोडून दुसरा. छताच्या कॉइलवर मी पाच थर केले, त्याला सव्वादोन तास लागले, आणि त्या दुपारी स्वयंपाकघरात उभे राहणे अवघड झाले होते.

या मोठ्या पदार्थांपेक्षा रोजच्या दोन क्षुल्लक कामांमुळे हा ओव्हन आमच्या घरात टिकला, असे मला वाटते. कुटासाठी किलोभर शेंगदाणे ट्रेमध्ये पसरून १६० अंशांना वीस मिनिटे ठेवले, मध्ये एकदा हलवले, की सगळे दाणे सारखे भाजले जातात आणि कढईपाशी उभे राहावे लागत नाही. चिवड्याचे पातळ पोहे १०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटांत कुरकुरीत होतात, आकसत नाहीत.

स्वच्छतेकडे वळते. महागड्या ओव्हनमध्ये आतील भाग पाचशे अंशांच्या आसपास तापवून घाणीची राख करण्याची सोय असते. आमच्यात ती नाही. खरकटे आणि तेलाचे शिंतोडे कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसले तर दोन मिनिटांचे काम असते, दुसऱ्या दिवशी पुसले तर अर्ध्या तासाचे, आणि महिन्याने पुसायला घेतले तर ते सुट्टीच्या दिवसाचे काम होते. करपून बसलेल्या थरावर मी खायच्या सोड्याचा घट्ट लेप रात्रभर लावून ठेवते आणि सकाळी ओल्या मऊ घासणीने काढते. कॉइल, पंख्याची जाळी आणि दरवाजाची गोल पट्टी यांना सोडा लागू देत नाही. तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल पसरली की साफ करावे लागणार नाही, ही युक्ती मला एका मैत्रिणीने सांगितली आणि मी एकदाच केली: उष्णता फॉइलखाली कोंडली, एनॅमलच्या मुलाम्यावर हाताच्या पंजाएवढा मंद डाग उमटला, तो आजही आहे. दरवाजाच्या काचेला तारेची घासणी किंवा सुरी लावू नये. ओरखडा साधा दिसतो, पण कडक केलेली काच पुढे तापताना त्याच ओरखड्यापासून फुटू शकते.

दरवाजाच्या दोन काचांमध्ये पहिल्याच वर्षी तुपाचा एक ओघळ उतरला आणि तो बाहेरून पुसला जाईना. दरवाजा काढता येतो, हे मला तेव्हा कळले. तो पूर्ण उघडून दोन्ही बिजागऱ्यांवरील छोट्या कड्या पुढे पाडायच्या, दरवाजा अर्धा मिटायचा आणि दोन्ही हातांनी वर उचलायचा. कड्या पाडल्याशिवाय उचलला तर बिजागरीची स्प्रिंग जोरात मिटते, आणि बोट मध्ये असेल तर वाचत नाही. दरवाजा टेबलावर चादरीवर आडवा ठेवून वरची पट्टी दोन्ही टोकांनी दाबली की ती निघते आणि आतली काच सरकून बाहेर येते. काच परत बसवताना तिची कोणती बाजू आत होती, याची आधी खूण करून ठेवावी. पहिल्या वेळी मला दीड तास लागला होता. आता वीस मिनिटे पुरतात.

पावसाळ्याचा अनुभव वेगळा नोंदवते, कारण त्याने मला खरोखर घाबरवले होते. २०२३ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत काही ना काही कारणाने ओव्हन वापरलाच गेला नाही. त्यात कढया आणि तवे ठेवले जाऊ लागले होते. गणपतीच्या आधी तो चालू केला आणि पंख्याच्या कॉइलवर लावताच साऱ्या घराची वीज गेली. पुन्हा चालू केला, पुन्हा गेली. तंत्रज्ञाने तपासून सांगितले की कॉइलच्या नळीत जी पांढरी पूड भरलेली असते, ती दमट हवेत ओलावा धरते, त्यातून किंचित विजेची गळती होते आणि घराच्या बोर्डावरील आरसीसीबी ती ओळखून वीज तोडतो. त्याने पंख्याची कॉइल न वापरता वर-खाली कॉइलवर १०० अंशांना तासभर ओव्हन चालवला, मग पंख्याची कॉइल लावली आणि वीज गेली नाही. शेजारच्या इमारतीतील एका गृहस्थांनी आरसीसीबीला वळसा घालून ओव्हन थेट जोडण्याचा सल्ला दिला होता, तो आम्ही ऐकला नाही, हे बरे झाले. आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मी काही ना काही भाजून घेते, आणि चालू करण्याआधी आत वाकून पाहते, कारण कढयांबरोबर कुणीतरी ठेवलेले प्लॅस्टिकचे झाकण एकदा जाळीवर वितळून चिकटले होते.

विजेचा खर्च मोजण्यासाठी एका रविवारी घरातील इतर सर्व उपकरणे बंद ठेवून मी मीटर पाहिला: तापवण्याच्या वेळेसकट १८० अंशांवर तासभर चालवले तेव्हा १.३ युनिट गेले. महिन्यातून आठ-दहा वेळा वापर धरला तर दहा ते तेरा युनिट होतात, जे एरवी फार नाहीत; पण महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, त्यामुळे ज्यांचा वापर त्या रेषेजवळ आहे त्यांना दिवाळीच्या महिन्यात फरक जाणवेल. दोघांसाठी कधीतरी केक करणाऱ्या घरात सत्तर लिटरची पोकळी तापवणे हा अपव्यय आहे. तेथे ओटीजी पुरतो, तो जागा बदलतो, आणि बिघडला तर दुकानात उचलून नेता येतो. आमच्याकडे सहा माणसे, सणासुदीला दुप्पट, आणि आठवड्याला लादी पाव, म्हणून हा परवडला. पुन्हा घ्यायचा झाला तर मी हाच घेईन, परंतु ओट्याखाली न बसवता फ्रिजशेजारच्या उंच कपाटात, छातीच्या उंचीला बसवीन. दोनशे अंशांवरचा पावांचा जड ट्रे वाकून, गुडघ्यावर भार देऊन बाहेर काढणे चाळिशीत जमले, पन्नाशीत जमत नाही.

गेल्या महिन्यात आतला दिवा गेला. नवा घ्यायला गेले तर दुकानदाराने फ्रिजचा दिवा पुढे केला. आकार आणि आटे तेच, पण ओव्हनच्या दिव्यावर ३०० अंश असे छापलेले असावे लागते. तिसऱ्या दुकानात तो मिळाला. एमसीबी बंद करून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर, काचेचे झाकण डावीकडे फिरवून मी तो स्वतःच बसवला. झाकणाच्या आत चार वर्षांची काजळी होती, ती धुवायला दिवा बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.